डावी, उजवी, जमलं नाही

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, विहारातल्या कोणाला नाही. लोकांना मी वेगळंच सांगत आलो — त्या बाईने दगा दिला, आमचा विश्वास मोडला. लोक मान हलवतात, चहा पाजतात. आता तुम्हाला खरं सांगायला बसलोय, तर कुठून धरू?

कमलपासून धरतो. कमल माझी बायको. अंबरनाथला बुवापाड्यात आमच्या दोन खोल्या. मी केमिकल कंपनीतून रिटायर, शाळा चौथीपर्यंत. कमल सातवी पास. तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पण समजत सगळं होतं — तेवढं लक्षात ठेवा. डॉक्टरांनी बजावलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील.

मुलगी नीलम बदलापूरला, सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगीत राहते. दुकानं आपल्याला मेसेज पाठवतात ना, खाली बटणं असतात, दाबलं की उत्तर जातं — ती बटणं कोड लिहून बनवायचं तिचं काम. एका रविवारी आईच्या पलंगाशी लॅपटॉप घेऊन बसली आणि आमच्यासाठी तसंच बनवलं. दोन तासांनी फोन वाजणार — आईला कोणत्या कुशीवर केलं? खाली दोन बटणं. डावी, उजवी. मी विचारलं, "आणि नाही जमलं तर काय दाबायचं?"

नीलम हसली. "टेस्टिंगला तुम्हालाच घ्यायला पाहिजे, बाबा." आणि तिसरं बटण टाकलं — जमलं नाही. ते दाबलं की तिचा लगेच फोन येणार.

म्हणजे ते बटण मीच मागून घेतलेलं. एकदाही दाबलं नाही.

सकाळी आठ ते दोन कमलला सांभाळायला सुनंदा यायची, आमच्याच गल्लीतली. दोननंतर माझी पाळी. ज्याची पाळी, त्याच्या फोनवर मेसेज. सुनंदा किडकिडीत, कमल अंगाने भरलेली. कधी सुनंदाची कंबर धरायची, कधी कमल अंग सोडून द्यायची. मग ती बाई सरळ "जमलं नाही" दाबायची. नीलमचा फोन आला की सांगायची, थोडं थांबून परत करते. आणि करायची. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, दाब ना काहीपण. कोण बघतंय?"

"काकी बघतात ना, काका."

आणि मी? मला राग होता. मुलगी जवळ राहते आणि बापाला बटणं पाठवते — मला तोच दगा वाटायचा. पण रागाने केलं म्हणू? नाही. खोटं होईल. मला कंटाळा आला होता. बटण कुठूनही दाबता येतं, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. नाक्यावरच्या टपरीमागे पत्ते चालायचे. फोन वाजला — डावी. परत वाजला — उजवी. एका हातात पानं. कमल दुपारपासून घरी एकाच कुशीवर.

एकदा तर घरातच होतो. तिच्या समोर खुर्चीवर. फोन वाजला. ती डाव्या कुशीवर, दुपारपासूनची. मी बसल्या जागी "उजवी" दाबलं. मान वर केली तर ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. त्यानंतर फोन वाजला की ती डोळे मिटून घ्यायची.

जखम झाली. कमरेखाली, चांगली खोल. नीलम धावत आली, लॅपटॉप उघडला. माझ्या नावापुढे डावी, उजवी, डावी, उजवी — एक चूक नाही. सुनंदाच्या नावापुढे कितीतरी वेळा "जमलं नाही". नंतर केलेल्याला बटणच कुठे होतं? सुनंदा तिथेच उभी होती. नीलमचा आवाज फाटला. "मावशी, आम्ही तुमच्या भरवशावर होतो."

"ताई, मी मागनं केलंय सगळं. काकांना विचारा."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणालो? म्हणालो — सकाळचं मला काय माहीत. दुपारनंतरचं तर दिसतंयच.

तेव्हा पलंगावरून कमल ओरडली. शब्द नव्हता, नुसता आवाज. चांगला होता तो डावा हात तिने सुनंदाकडे लांब केला. बोलवत होती तिला, थांबवत होती. मला कळलं. नीलम रडत म्हणाली, "बघा, आईपण तुमच्याकडेच बोट दाखवते." सुनंदाने चपला घातल्या आणि गेली. कमलने हात खाली घेतला नाही, मला धरून खाली ठेवावा लागला.

जखम चिघळली, ताप अंगात भिनला. महिन्याभरात कमल गेली.

जलदान विधीला सुनंदा आली. शेवटच्या रांगेत बसली. सगळे जेवायला उठले तशी माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "काका, माझ्याकडनंच काकींचं काही कमी पडलं का हो? मला घास जात नाही."

तिथे सांगता आलं असतं. नीलम चार पावलांवर उभी होती. मी म्हणालो, "जाऊ दे. झालं ते झालं." माफ केल्यासारखं म्हणालो. ती वाकली, माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.