खालाच्या छपरावरचा भोपळा

कासारवाडीला नवी नवी आले तेव्हा तिथलं काहीच मला आवडलं नाही, आणि ते मी लपवूनही ठेवलं नाही. नगरकडच्या माझ्या माहेरी अंगण होतं, परसात विहीर होती. इथे रेल्वेच्या रुळांपलीकडे ओळीने बांधलेल्या खोल्या, आणि दोन खोल्यांच्या मध्ये भिंत म्हणून नुसता पत्रा. पलीकडे कोणी शिंकलं की अलीकडे आपण दचकायचं.

आमचे हे पिंपरीच्या एका कारखान्यात होते. माणूस इतका समाधानी की राग यावा. आम्हा थोड्याशा ख्रिस्ती कुटुंबांची रविवारची उपासना ओळीच्या टोकाला कडुनिंबाखाली व्हायची. खडकीहून पाळकसाहेब सायकलवर येत. तिथे एकेकाने उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवाचे उपकार मानायचे. हे उठायचे आणि नळाला पाणी आलं म्हणून उपकार मानायचे. कारखान्याचा भोंगा ऐकू आला म्हणूनही मानायचे. मी तोंडावर पदर धरून बसून राहायचे. ज्या नळापुढे हंडा घेऊन माझे पाय मोडायचे, त्याचे उपकार!

पहिल्याच उन्हाळ्यात मी सांगून टाकलं, "मला इथे करमत नाही. गावी चला."

हे चपलेचा अंगठा शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "हंगामाच्या सणापर्यंत थांब. तेव्हाही या जागेबद्दल तुझ्या तोंडून उपकाराचा एक शब्द निघाला नाही, तर नोकरी सोडतो. शब्द देतो."

हे शब्दाला पक्के. म्हणजे नोकरी खरंच जाणार होती. मला आनंद झाला, आणि धास्तीही वाटली.

हंगामाचा सण म्हणजे आमच्याकडे मोठी गोष्ट. शेतात, परसात जे पहिलं आलं ते देवापुढे न्यायचं. माझी आई बाजरीची कणसं न्यायची, वांगी न्यायची, एकदा तर कोंबडीच नेली. विकत घेतलेलं मात्र चालायचं नाही. इथे मातीच नाही, तर उगवायचं कुठे? शेवटी आईने पदराला बांधून दिलेल्या लाल भोपळ्याच्या बिया मी दाराशी, मोरीचं पाणी जातं तिथे टोचल्या.

वेल फोफावला, पण त्याचा ओढा पहिल्यापासून शेजारी. शेजारी एका मोटार मेकॅनिकची आई राहायची. सगळी ओळ तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. वेल तिच्या छपरावर चढला तशी ती ओरडली, "ए पोरी, तुझा वेल आवर! माझी कौलं सरकतील." मला ते झोंबलं. मी बोलणंच टाकलं. आणि झालं काय, तर आमच्या बाजूला नुसती फुलं, नि एकुलता एक भोपळा धरला तो बरोबर खालाच्या छपरावर. ती त्याच्याखाली गोणपाट सरकवताना दिसली तेव्हा मी समजले, गेला हा हातचा. आमच्या गावी रीतच अशी की बांधापलीकडे लोंबलेलं फळ पलीकडच्याचं. मागायला जाणं म्हणजे कमीपणा.

ह्यांना त्यातही चेष्टा सुचायची. "म्हणजे यंदा आपल्याला भोपळाच मिळणार म्हण की," असं म्हणून एकटेच हसायचे.

माणसापाशी मागणार नव्हते, पण देवापाशी मागायला काय हरकत होती? ह्यांची दुसरी पाळी असली की संध्याकाळची प्रार्थना मी एकटीच करायचे. माझ्या माहेरी प्रार्थना मोठ्याने करत. तोंडातल्या तोंडात पुटपुटणं म्हणजे आळस. म्हणून मी रोज खणखणीत आवाजात म्हणायचे, "हे प्रभू, तो भोपळा मला मिळू दे. आणि त्या शेजारणीचं कठीण मन मऊ कर. आमेन."

सणाचा रविवार आला. कडुनिंबाखाली चादरीवर मेथीच्या जुड्या, अंडी, मक्याची कणसं, थेरगावहून आलेल्या एका कुटुंबाचा ऊस. माझे हात मोकळे. समोर पुरुषांच्या चटईवर हे बसले होते, आणि हसत नव्हते. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या नळावर, त्या भोंग्यावर या माणसाचा खरंच जीव आहे, हे मला तेव्हा कळलं. साक्ष द्यायची माझी पाळी आली. उभी राहिले, पण खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना.

तेवढ्यात मागे गलका झाला. कडेवर मूल घ्यावं तसा भोपळा घेऊन खाला माणसांतून वाट काढत येत होती. तिने तो चादरीवर धप्पदिशी ठेवला आणि सगळ्यांसमोर मला फैलावर घेतलं.

"सकाळधरनं वाट बघतीय, ही आता येईल, मग येईल! पावसाळाभर कावळ्यांपास्नं राखला मी ह्यो. रोज देवाला ओरडून मागतीस, पत्र्यावर थाप मारून मला मागायला काय झालतं? आन माझं मन कठीण व्हय गं? मऊच हाय ते. पहिल्यापास्नं!"

पाळकसाहेबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. बाकीच्यांनी तेवढीही भीड ठेवली नाही. सगळ्यांत मोठ्याने हसत होते आमचे हे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग मलाच इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. जिच्याशी मी बोलत नव्हते, ती बाई माझी प्रार्थना ऐकून माझं फळ जपत होती.

"देवाचे उपकार," मी म्हटलं, "की आमच्या खोल्यांच्या मध्ये भिंत नाही, पत्रा आहे."

एवढीच माझी साक्ष. पण अक्षर न् अक्षर मनापासून होतं.

भोपळा तिथेच चिरला आणि सगळ्यांच्या जेवणाच्या भाजीत पडला. खालाला पहिल्या पंगतीला बसवलं. "चला, एकदाचा आमचा भोपळा फुटला!" ह्यांनी जाहीर करून टाकलं.

संध्याकाळी मी दारात बसून बिया धूत होते. हे आत-बाहेर करत होते. शेवटी धीर करून म्हणाले, "मग गावी कधी निघायचं म्हणतेस?"

"अहो, बिया ओल्या आहेत अजून," मी म्हटलं. "वाळू देत. पुढच्या वर्षी अर्ध्या आपल्या दाराशी लावू, अर्ध्या खालाच्या."

पत्र्यापलीकडून लगेच आवाज आला, "माझ्याकडं जास्त लाव!"