मार्कनं बंद केलेलं पाणी

चाळीस वर्षं मी नाटकांतून खलनायक केले. हातातली हत्यारं लाकडाची, रक्त कुंकवाचं. माणसाच्या अंगावर खरी लोखंडी नळी बसल्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला, तो मार्क उजागरेच्या शेजारी उभा असताना.

मार्क माझा सावेडीतला शेजारी, मिशन शाळेतल्या मरियमबाईंचा मुलगा. आमच्यापासून दीड-दोन तासांवर, कर्जतकडच्या एका पाणीयोजनेच्या पाइपलाइनवर अडतीस व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येकाजवळ लोखंडी डब्यात एक छोटा संगणक. कुणाच्या शेताला पाण्याची पाळी कधी, व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे डबाच ठरवतो. नेट गेलं तरी चालतो. त्या डब्यांना क्लाऊडवरून नवा प्रोग्राम पाठवायचं काम मार्कचं, घरच्या टेबलावरून.

"काका, शितावरून भाताची परीक्षा," तो सांगायचा. "आधी एका डब्यावर टाकायचा, चालला की सगळ्यांवर."

एप्रिलात त्यानं तसंच केलं. पण शीत निवडताना पोरगं भलेपणा करायला गेलं. कुणाचं पाणी अडू नये म्हणून त्यानं पाळी संपलेला, बंद व्हॉल्व्हचा डबा घेतला. प्रोग्राम चढला, डबा पुन्हा सुरू झाला, सगळं ठीक. नव्या प्रोग्रामवर सुरू होताना डबा व्हॉल्व्ह बंद करून घेतो, हे बंद व्हॉल्व्हवर दिसणार कसं? सकाळी नऊला त्यानं उरलेल्या सदतिसांवर प्रोग्राम सोडला आणि ऐन पाळीत सगळीकडचं पाणी थांबलं.

त्यानं लगेच जुना प्रोग्राम परत पाठवला. छत्तीस व्हॉल्व्ह उघडले. एक डबा उत्तर देईना. तेवढ्यात फोन आला. त्या व्हॉल्व्हची राखण करणाऱ्या रंभाजींची सून, अश्विनी, ओरडत होती, "सायेब, लोकांनी डबा कुऱ्हाडीनं फोडलाय! मामांनी वरच्या गावाला सामील हून पानी तोडलं म्हनत्यात. मारून टाकतील त्यांना!"

मार्कनं पोलिसांना कळवलं, मग आपल्या साहेबांना. साहेब म्हणाले, "नेटवर्क गेलं म्हण आणि घरी बस." मार्कनं गाडीची किल्ली उचलली. मरियमबाई मला म्हणाल्या, "दादा, याला एकट्याला सोडू नका."

पोचलो तेव्हा पोलीस आलेच नव्हते. साठीचे रंभाजी लिंबाला बांधलेले. एक डोळा सुजून मिटलेला, डावा हात कोपराखाली भलतीकडे वळलेला. आबासाहेब नावाचा दांडगा गडी नळी घेऊन समोर.

"बोल, कुनाच्या सांगन्यावरनं?" आणि नळी बरगडीवर बसली.

"सोडा त्यांना!" मार्क ओरडला. "पाणी मी बंद केलं. सावेडीतून. चूक माझी आहे."

"सावेडीतनं? हात लई लांब हाय की रं तुझा!"

गर्दी हसली. हसता हसताच आबासाहेबनं नळी फिरवली. मार्कच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, ते मला ऐकू आलं. तो पडला आणि लाथा सुरू झाल्या. मी मध्ये गेलो. कुणीतरी मला गचांडी धरून चाऱ्याच्या ढिगावर फेकलं. तोंडातून रक्त गळत असताना मार्क म्हणत होता, "मारा, पण आधी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटारीची खीळ काढू द्या. मग चाक हातानं फिरेल."

ती खीळ रंभाजींनाही माहीत होती. पण दोन तास त्यांचं बोलणं कुणी ऐकलंच नव्हतं.

आबासाहेब थांबला. मार्क सरपटत गेला, त्यानं खीळ ओढली. आबासाहेबनंच चाक फिरवलं. नळ गुरगुरला आणि पाणी आलं. जमाव बघता बघता आपापल्या वावराकडं पळाला. माफी कुणी मागितली नाही.

मी रंभाजींचे दोर सोडले. मार्क जवळ आला. "बाबा, माफ करा."

रंभाजींनी उजव्या हातानं त्याच्या थोबाडीत मारली.

"एक फोन. 'रंभाजी, सकाळी असं करतोय, व्हॉल्व्हपाशी उभा ऱ्हा,' एवढं सांगायला काय झालं हुतं तुला?"

"सुचलंच नाही," मार्क म्हणाला.

"मंग धर आता. उठीव मला."

मार्कनं न मोडलेला खांदा पुढं केला.