शेतावर गेलेलं संग्रहालय

भालकी ते उदगीर रस्त्यावर असं एक घर दाखवा, जिथून आमच्या दाजींनी एखादी वस्तू उचलून आणली नाही. मी भर बसस्टँडवर मिशी उतरवून देतो. आणि असंही एक घर दाखवा, जिथं उचललेली वस्तू त्यांनी परत नेऊन दिली नाही. मिशीबरोबर भुवयाही देतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तीसेक वर्षं सरकारी बसमध्ये कंडक्टर. निवृत्त झालेला कंडक्टर साधारणपणे पाय वर घेऊन बसतो, कारण जन्मभर तो उभा असतो. दाजींनी मात्र मानववंशशास्त्राचं संग्रहालय काढलं. हा शब्द त्यांना मागच्या सीटवर सापडला. कुणीतरी बसमध्ये पुस्तक विसरलं होतं, त्याच्या पाठीवर छापलेला होता. पुस्तक त्यांनी चौथ्या दिवशी ज्याचं त्याला पोचतं केलं, शब्द मात्र ठेवून घेतला. उभ्या हयातीत त्यांनी परत न केलेली तेवढी एकच गोष्ट.

संग्रहालय भरलं बाजारातल्या एका जुन्या धान्याच्या गोदामात. गोदाम एका अडत व्यापाऱ्याचं. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. दाजींनी गावोगावच्या ओळखी उकरून वस्तू आणल्या: मोटेचं चामडं, पाभर, रांजण, तांब्याच्या घागरी, बीदरी कारागिराची छिन्नी, लमाणी आरशांची ओढणी, बायकोला घाबरणाऱ्या एका पाटलाची काठी. पण खरी बघायची वस्तू म्हणजे खुद्द दाजी. गळ्यात शिट्टी, काखेत जुनी तिकिटाची पेटी. एक शिट्टी म्हणजे थांबा आणि बघा, दोन म्हणजे चला. कुणी एका रांजणापुढं जास्त रेंगाळला की, "पुढं सरका, पुढं लै जागा हाय!" एकदा शाळेची सहल आली, तर त्यांनी साठ पोरं उतरायच्या गावाप्रमाणं लावली आणि कमठाण्याची पोरं आधी बाहेर काढली. असं म्हणतात की एक पोरगं अजून उदगीरची वाट बघत आत उभं आहे.

आत येणाऱ्या प्रत्येकाला ते फुकट तिकीट देत, पण त्यावर लिहायच्या आधी उलटतपासणी. "कुठून बसलाव? आई कुठली? आज्जा कुठून आल्ता?" एक बीदरचे वकील चिडले. म्हणाले, "जात विचारता काय हो?" दाजी शांतपणे म्हणाले, "जात न्हाई इचारलो वकीलसाब, स्टेज इचारलो. गाडी कुठनं सुटली त्ये." वकिलांच्या आईचं माहेर औरादचं तेलुगू बोलणारं निघालं, आजोबा लातूरकडचे, आणि स्वतः मैलूरला राहून घरात कन्नड. तिकिटाच्या दोन्ही बाजू भरल्या. वकिलांनी ते तिकीट घडी घालून पाकिटात ठेवलं, ते मी या डोळ्यांनी बघितलंय.

वस्तूंखालच्या चिठ्ठ्याही अशाच. पुरातत्त्ववाल्यांसारखं धातू, उंची, काळ असलं काही नाही. वस्तू कुणाची, कोण तिला काय म्हणतं आणि तिच्यावरून भांडण काय, एवढंच. एका मडक्याखाली लिहिलेलं: "मराठी घरात बिंदगी, कन्नड घरात बिंदिगे. हा शब्द दुसरीनं आपल्याकडून उचलला असं दोघीही म्हणतात. उर्दू बोलणारी शेजारीण म्हणते, शब्द तुम्ही घ्या, आंबील मला द्या. भांडण चालू आहे."

आमचं गाव बीदर जिल्ह्यातलं, कर्नाटकाच्या सीमेवरचं, आणि मी पुण्यात नोकरीला. तिथं मी तोंड उघडलं की लोक विचारतात, कानडी का हो तुम्ही? बेंगळुरात उघडलं की, मराठी का? हैदराबादेत तर तोंड उघडायच्या आधीच "बीदरवाले" म्हणून ओळखतात. एकदा मी हे रडगाणं दाजींपुढं गायलं. ते एका पाट्याची धूळ झटकत होते. म्हणाले, "मेव्हणं, गाडी धा स्टेजवरून जाती, म्हणून गाडी कुठलीच न्हाई व्हय?" आणि दोन शिट्ट्या मारून मला पुढच्या वस्तूकडं ढकललं.

या माणसाला मी आयुष्यात एकदाच चूक कबूल करताना बघितलंय, आणि ती करवली मल्लव्वानं. मल्लव्वाच्या घरची पूर्वी मेंढरं होती. आता मेंढरं गेली, ती दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. एका बाजाराच्या दिवशी ती आत आली, शिट्टीला न जुमानता सावकाश चारी भिंती फिरली आणि दारात येऊन उभी राहिली.

"कंडक्टर अण्णा, समद्यांचं हाय हितं. आमचं कामून न्हाई?"

"तू कवा दिलीस?"

"तुमी कवा मागितलाव?"

दाजींची शिट्टी ओठातून पडली आणि गळ्यातल्या दोरीवर लोंबत राहिली. ती न सावरताच ते म्हणाले, "चुकलं बाई. आता मागायलोय."

"हाय ते अंगावरच हाय," मल्लव्वा म्हणाली. "उन्हाळ्यात ठेवून घ्या. थंडीत माझं मला लागतंय."

तशी तिची काळी घोंगडी भिंतीवर आली, आणि थंडी पडताच गेली. रिकाम्या खिळ्यावर दाजींनी चिठ्ठी लावली: "मल्लव्वाची घोंगडी कामावर गेली आहे." ही अट गावभर पसरली. मग सगळ्यांनाच ती हवी झाली. लग्न निघालं की घागरी कामावर, पेरणी आली की पाभर कामावर. बारशाच्या दिवसांत आख्खा पाळणा दीड महिना रजेवर. वस्तू घासून, धुऊन परत यायच्या, कधीकधी पोचा घेऊन यायच्या. दाजी चिठ्ठीत पोच्याचीही हकिकत लिहायचे.

असं सुखात चाललेलं असताना आप्पांनी तिथं दुकानगाळे काढायचं ठरवलं. आप्पा वाईट माणूस नाही. "कंडक्टर, रागावू नगा," ते म्हणाले, "पण ह्ये म्युझियम हाय का भंगार, मला काय कळतंय? कुणी जाणत्यानं म्युझियम म्हणून लिहून दिलं तर खोली तुमची. न्हाई तर किल्ली माझी." दाजींनी मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयाला कन्नडमधून पत्रांवर पत्रं धाडली. शेवटी तिथल्या जाणकार बाईंचा फोन आला, तारीख सांगितली. आनंदाच्या भरात दाजी म्हणाले, "बर्री मेडम, बर्री!", म्हणजे या, या, आणि मला पुण्याला फोन केला, "मेव्हणं, परीक्षा हाय. या."

जिल्ह्यातल्या प्रत्येक गाडीची वेळ तोंडपाठ असणाऱ्या या माणसानं कॅलेंडर बघितलं नाही. ते बघितलं अक्कानं, मी घरात पाऊल ठेवत होतो तेव्हा. तिच्या हातातली वालपापडीच खाली पडली. "अवो, कुणाला बोलावलाव? त्या दिशी येळवस हाय!"

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. दिवाळीला एखादं घर शेजाऱ्याशी बोलणार नाही, पण येळवशीला आमच्या भागातलं एकही घर गावात राहत नाही. आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे घेऊन जो तो शेतात. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, कोपीत पाच पांडवांचे दगड, आणि ज्याला स्वतःचं शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात पाहुणा. त्या दिवशी मडकी, घागरी, पळ्या, टोपल्या, घोंगड्या काही म्हणता काही संग्रहालयात राहणार नव्हतं.

"कुलूप लावा," अक्का म्हणाली. "एक दिवस न्हाई दिलं तर लोक काय मरायलेत?"

मीही तेच म्हणालो. जन्मभराची कमाई एका दिवसावर लटकलेली. दाजी ओसरीवर पेटी मांडीवर घेऊन बसले होते. "शब्द दिलोय," ते म्हणाले. "तिकीट काढलेल्या मानसाला मधीच उतरवू व्हय?"

त्या सकाळी गोदामापुढं रांग लागली. दाजी एकेक वस्तू फडक्यानं पुसून हातात देत होते, चिठ्ठी लिहीत होते आणि प्रत्येकाला दोन शिट्ट्या मारत होते. रांगेत तिसरं कोण? आईची तांब्याची घागर न्यायला आलेले आप्पा. मी बघतच राहिलो. "काय बघायलाव?" आप्पा जरा ओशाळून म्हणाले. "येव्हार येगळा, येळवस येगळी." शेवटी मल्लव्वा ती भांडणातली बिंदगी उसनी मागायला आली, घोंगडी थंडी पडल्यापासून तिच्या अंगावरच होती.

दहाच्या सुमारास बाई आल्या. आत एक वस्तू नाही. चार भिंती, खिळे आणि खिळ्यांवर चिठ्ठ्या. दाजींचा चेहरा शेवटची गाडी चुकलेल्या माणसासारखा. "मेडम, आज समदं..." म्हणत त्यांनी रिकाम्या खिळ्यांकडं हात केला. बाई चष्मा लावून पहिल्या खिळ्यापासून वाचायला लागल्या. एकेका चिठ्ठीपुढं त्या इतक्या थांबत होत्या की एरवी दाजींनी शिट्ट्या मारून छप्पर उडवलं असतं. त्या दिवशी त्यांनी शिट्टी मुठीत गच्च धरलेली.

कोपऱ्यातल्या अगदी शेवटच्या खिळ्यापाशी बाईंनी वळून विचारलं, हे काय आहे? मी पुढं होऊन वाचलं. चिठ्ठी जुनी, पिवळी पडलेली, कन्नड आणि मराठी दोन्हीत: "धाकटा मेव्हणा. पुण्याला कामावर गेला आहे."

मी थापाड्या माणूस आहे. जगात कुठंही मला बोलायला शब्द कमी पडलेले नाहीत, कमी पडले तर मी दोन्ही भाषांतून उसने आणतो. त्या खिळ्यापुढं मी ती एक ओळच पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. पुण्यात माझ्यासाठी कुठल्याच भिंतीवर खिळा नव्हता, बेंगळुरात नव्हता. इथं मात्र इतकी वर्षं माझी जागा धरून ठेवलेली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

दाजींनी बाईंना माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्येच ते मेडम. परवाच आलेत परत. जरा पोचा आलाय, पण आमचेच हायत."

बाई हसल्या, आणि म्हणाल्या, आता बाकीच्या वस्तूही दाखवा. मग काय! टेम्पोतून आम्ही शेतोशेत फिरलो. दाजी मागं उभे, शिट्टी वाजवत, "हा रांजण बघा, ही पळी बघा, रैट रैट!" ज्या शेतात मल्लव्वा पाहुणी होती तिथं तिनं अंगावरची घोंगडी काढून बाईंना बसायला अंथरली, आणि वादातल्या त्या बिंदगीतली आंबील त्यांच्या हातात दिली. शेजारच्या बांधावरून आप्पा घागर घेऊन पाणी पाजायला आले. बाई तीन वाट्या आंबील प्यायल्या. मी सात म्हणणार होतो, पण त्या बाईंबद्दल मला खोटं बोलवत नाही.

त्यांचं पत्र आठवड्यानं आलं. आप्पांनी ते दुकानात मोठ्यानं वाचून घेतलं. "मी गेले त्या दिवशी संग्रहालयात एकही वस्तू नव्हती. सगळ्या जिथं असायला हव्यात तिथं होत्या. खोली राहू द्यावी." आप्पांनी पत्राची घडी केली आणि किल्ली दाजींच्या पेटीत टाकली.

तेव्हापासून मी एकही येळवस चुकवलेली नाही. मी आलो की दाजी कोपऱ्यातली चिठ्ठी उलटी करतात, मागच्या बाजूला लिहिलंय, "परत आला आहे." आता त्यांचे गुडघे धरलेत, स्टूल घेऊन चिठ्ठ्या लावतात, आणि स्टूल मी धरतो. मागच्या खेपेला मी सगळ्या भिंती निरखून बघितल्या आणि विचारलं, "दाजी, समद्यांचा खिळा हाय. तुमचा कुठं हाय?"

"कंडक्टरला खिळा कशाला?" ते म्हणाले. "समदे उतरल्याबिगर तो उतरत न्हाई."

निघताना ते मला बसस्टँडवर पोचवायला येतात. गाडी हलली की दोन शिट्ट्या मारतात. हल्ली त्यांना दम पुरत नाही. पहिली शिट्टी कशीबशी निघते, दुसरी नुसती हवा. मी खिडकीतून दोन्ही शिट्ट्या ऐकू आल्यासारखा हात हलवतो, आणि गाडी वळेपर्यंत तसाच हलवत राहतो.