वाटेवरचा पाला

डोंबिवलीत आमच्या गच्चीवरून मलंगगडाची रांग दिसते. म्हणजे हवा साफ असली तर. एरवी कारखान्यांचा धुरकट पडदा तिला झाकून टाकतो. ही रांग मी लहानपणापासून फक्त पुढून पाहिली होती. तिच्यामागे काय आहे ते बघायचं, जंगलातून पूर्ण वळसा घालून निघालो तिथेच परत यायचं, असं मी आणि मंदारने दिवाळी संपता संपता ठरवलं. तीन दिवस, दोन मुक्काम.

मंदार माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याच्या सॅकमध्ये पिवळ्या रंगाचे दोन स्प्रे होते, माझ्या सॅकमध्ये वही. माझे बाबा छापखान्यात कामाला. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली, आणि मी वाचायला शिकले ती त्यांवरच. त्यामुळे या भटकंतीलाही एक मागणी होती: जंगलाची वाट सगळ्यांना मोकळी हवी. पैसे घेऊन जंगल दाखवणाऱ्या मंडळींचा मला तेव्हा राग होता, आजही आहे. आम्ही प्रत्येक फाट्यावर बाण काढणार होतो, नकाशा करणार होतो आणि तो पत्रकावर छापून फुकट वाटणार होतो.

कल्याणहून रिक्षा केली. नेवाळी नाका मागे पडल्यावर रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "गडावर?"

"नाही, मागच्या बाजूला."

"मागं काय नाय. नुसतं जंगल."

"तेच बघायचंय."

"मग सावकाश बघा. ते कुठं पळत नाय," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

पायथा सोडला तसा साग लागला, मग ऐन, मग पायाखाली कुजलेल्या पानांचा मऊ थर. कारवीच्या झुडपांतून वाट इतकी अरुंद जात होती की सॅक दोन्ही बाजूंनी घासत होती. दुपारी एक स्प्रे गळतोय हे मंदारला कळलं, पण तोवर त्याच्या पँटची मागची बाजू पिवळीधमक झाली होती.

संध्याकाळी एका ठाकरवाडीत पोचलो. दहा-बारा घरं, सारवलेली अंगणं, खळ्यावर नव्या भाताची रास. जनीबाई नावाच्या पन्नाशीच्या बाईने आम्हाला ओटीवर जागा दिली. मंदार वळला तशी ती पदर तोंडाला लावून हसली.

"ह्याची हळद झाली का गं बाय? आन् पुढची बाजू राहिली ती?"

तिची सून ठमी चुलीपाशी होती, तीही हसत सुटली. ठमीने आम्हाला तांदळाची भाकरी आणि कडूकंद (रानातला कडू कंद, राखेच्या पाण्यात उकडून वाहत्या पाण्यात ठेवला की कडूपणा जातो) वाढला. मी तिसऱ्यांदा मागितला तेव्हा ती म्हणाली, "पुरे आता, उद्या चढायचंय तुला."

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच निघालो. हवेत चांगला गारवा होता. तासाभराने वाटेला फाटा फुटला. डावी वाट लांबून फिरून जात होती, उजवी सरळ कड्याखालून. उजव्या वाटेवर एक पानांची डहाळी आडवी पडली होती, हिरवीगार, काल-परवाच तोडलेली. शहरातून येणारा माणूस अशाने गोंधळेल, असं मला वाटलं. मी ती उचलून दरीत फेकली. मंदारने खडकावर उजवीकडे दाखवणारा ठसठशीत बाण काढला. कडा संपला तिथे दुसऱ्या टोकाला तशीच डहाळी होती. तीही मी बाजूला केली. मी वहीत लिहिलं: "वाट साफ केली."

वर कड्याला काळसर काहीतरी लटकत होतं. आम्ही नीट पाहिलंसुद्धा नाही.

माथ्यावर पोचलो आणि मागे वळून बघितलं. खाली डोंबिवली पसरली होती, इमारतींचा करडा ढीग, आणि वारा फिरला तसा कारखान्यांचा ओळखीचा आंबूस वास इथवर आला. पुढच्या बाजूला मात्र नजर जाईल तिथवर झाडंच. तो मुक्काम पलीकडच्या उतरणीवर एका देवळात केला. तिसऱ्या दिवशी वळसा पुरा करत दुपारी पुन्हा जनीबाईच्या वाडीत आलो, आणि अंगणं रिकामी दिसली.

सगळी माणसं खळ्यावर जमली होती. मधे एक मध्यमवयीन माणूस मान खाली घालून उभा होता. गंगाराम, जनीबाईचा दीर. वाडीतला मोहोळ काढणारा तोच.

काय झालं ते एका म्हातारीकडून कळलं. आम्ही वाडीतून निघालो त्याच्या आदल्या रात्री गंगारामने कड्यावरचं आग्या मोहोळ काढलं होतं. पोळं अर्धं काढलं की माश्या तीन-चार दिवस बिथरलेल्या राहतात. पहाटेच्या थंडीत त्या गप्प असतात, ऊन तापलं की सुटतात. काल दुपारी ठमी माहेरी निघाली आणि जवळची म्हणून कड्याखालची वाट तिने धरली. तिला जीपमधून दवाखान्यात नेलं होतं. अंगभर सूज, श्वास लागलेला. अजून काही कळलं नव्हतं.

"मोहोळ काढलं तर पाला टाकायचा असतोय वाटंवर, ठाव नाय काय तुला?" कुणीतरी ओरडलं.

"टाकला व्हता. दोन्ही टोकांना."

"मग गेला कुठं? शेळ्यांनी खाल्ला? दोन्हीकडचा?"

"दारू प्यायला असंल."

यापुढे गंगारामने मोहोळाला हात लावायचा नाही, असं कुणी म्हणालं, आणि चार माना हलल्या.

मंदारने माझा दंड धरला. "रेवा, चल. आपण आहोत हे कुणाच्या लक्षातही नाहीये."

"आपण केलंय ते."

"माहितीये मला! पण मुद्दाम केलं का? पोलीस-बिलीस झालं तर? अगं, तिचं काय झालंय तेसुद्धा माहीत नाहीये अजून."

मोर्च्यांत मी खूप ओरडले आहे. दुसऱ्यांच्या चुका मला घडाघडा सांगता येतात. त्या खळ्यावर मात्र चार शब्द बोलायला मला नको इतका वेळ लागला, आणि तेवढा वेळ गंगाराम तसाच उभा होता. ते मी विसरणार नाही.

"पाला होता," मी म्हणाले. "मी उचलला. दोन्हीकडचा."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. जनीबाईने फक्त विचारलं, "कशाला गं?"

"मला वाटलं कचरा आहे."

गंगारामने पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे न बघता तो जमलेल्यांकडे एकेक करून बघत गेला.

वाडीने ठरवलं ते असं: मी नवा पाला तोडून माझ्या हाताने टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत फाट्यावर बसायचं. दुसऱ्या टोकाला गंगाराम बसेल. मंदारने दगडाने घासून बाण पुसायचे, सगळे. तो कुरकुरला नाही. सकाळीच कमरेला कोयता बांधलेल्या गंगारामच्या मागून निघाला.

फाट्यावर दिवसभरात चार जण आले. प्रत्येक वेळी मी सांगायला उठले: इकडून जाऊ नका, माश्या उठल्या आहेत. एकालाही सांगावं लागलं नाही. डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई तर माझ्याकडे न बघताच, डहाळीची पानं किती सुकलीत ते बघून डावीकडे वळली. मला या वाटेवर मोठ्या अक्षरांत सगळं लिहून ठेवायचं होतं.

ऊन उतरल्यावर जनीबाई आली. फडक्यातली भाकरी तिने माझ्यासमोर ठेवली.

"डोळं उघडलं तिनं," ती म्हणाली. "एकच. दुसरा सुजलाय. पानी मागितलं."

मला रडू आलं. तिने थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. "खा," म्हणाली, आणि मी संपवेपर्यंत बसून राहिली.

घरी आल्यावर बाबांनी पत्रकाचा मजकूर मागितला. बाण नको, नकाशा नको म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग वाट सगळ्यांना मोकळी कशी होणार?"

जंगल सगळ्यांचं आहे हे मी आजही म्हणते. पण ती वाट कधी मोकळी आणि कधी बंद, हे ठरवणारी माणसं तिथे आहेत, आणि त्यांना न विचारता मी ती सगळ्यांना वाटून टाकायला निघाले होते. हे लिहिण्याआधी मी ठमीला फोन केला. लिही म्हणाली, फक्त वाडीचं नाव टाकू नको. म्हणून ते इथे नाही.