मायच्या जागी सुपारी

कन्यादानाला बायको बसू शकत नसेल तर तिच्या जागी सुपारी मांडतात, हे मला माझ्या स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत कळलं. सावली गावचे भटजी आमच्या ओसरीवर बसले होते. उन्हातून पायी आले होते, म्हणून बाने त्यांच्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला होता. मी दाराआड उभी होते.

"त्यात अडचण काही नाही," भटजी म्हणाले. "शास्त्रात सोय आहे. पत्नी नसली की तिच्या नावानं सुपारी ठेवायची आणि विधी पुरा करायचा."

"पन बायको हाय ना, महाराज," बा म्हणाला.

 बायको आहे हे भटजींनाही ठाऊक होतं. ती त्या घरात नव्हती, एवढंच. गावाबाहेर आमची धानाची शेती होती. तिच्या अगदी शेवटच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, मोहाचं झाड होतं आणि त्याखाली कुडाची झोपडी. माझी माय तिथे राहत होती. तिला महारोग झाला होता.

मी लहान असताना एकदा चुलीवरचं भांडं उतरवताना तिची बोटं भाजली आणि तिला कळलंच नाही. वास आला तेव्हा मीच ओरडले. पुढे गालावर चट्टे आले, कानाच्या पाळ्या जाड झाल्या. गावात कोणी भांडण केलं नाही. शेजारच्या घरात काकाजी आणि काकू राहत. काकूने एका सकाळी मायचं अंथरूण उचलून अंगणाच्या बाहेर नेऊन ठेवलं, आणि तिथून सगळं आपोआप झालं. बाने झोपडी बांधली. घरची चूल माझ्याकडे आली. मी रोज भात घेऊन जायची, धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, दगडावर ठेवायची आणि मागे सरायची, मग माय झोपडीतून यायची. मागे सरायचा नियम गावाने घातला नव्हता, तिनेच घातला होता. मी एकदा सरले नाही तर ती उपाशीच आत निघून गेली.

पुढे चांद्याच्या दवाखान्यात या रोगावर गोळ्या मिळू लागल्या. बा बंडी जुंपून तिला नेऊ लागला. गेलेली बोटं परत आली नाहीत, पण रोग थांबला. तिथल्या डॉक्टरांनी बाला स्पष्ट सांगितलं की आता हिच्यापासून कोणाला भीती नाही, हिला घरी ठेवा. बाने हे चावडीवर सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि एकजण म्हणाला, "डाक्टर काय आपल्या गावात राह्यते का?" माय झोपडीतच राहिली.

माझ्यासाठी स्थळं येत नव्हती. दुरून येणाऱ्याला गावात शिरण्याआधीच कोणीतरी सांगायचं. शेवटी एक आलं, वैनगंगेच्या पलीकडचं, गडचिरोलीचं. मुलगा, म्हणजे माझे हे, शिंपीकाम करायचे. त्यांचा एक पाय लहानपणीच्या तापात वाळला होता, त्या पायावर हात दाबून ते चालायचे. मायचं त्यांना आधीच सांगितलं होतं, आणि त्यांचा पाय आम्हाला दिसतच होता. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. ज्यांना कोणी मागत नाही अशी दोन माणसं होतो आम्ही, म्हणून जमलं.

भटजी उठून गेल्यावर काकू आत आली. ती मनाने वाईट बाई नव्हती. माझ्या डोक्याला तेल तीच लावायची.

"आमी बसतो ना कन्यादानाले," ती म्हणाली. "तुहे काकाजी अन् मी. काऊन जीवाले लावून घेतं?"

"माय जित्ती हाय, काकू."

"जित्ती हाय. पन कशी हाय थे पाह्य ना. लोकं मांडवात येतीन का?"

त्या संध्याकाळी मी बाला सांगितलं की माय मांडवात नसेल तर मी मांडवात बसणार नाही. असं बोलायची तेव्हा रीत नव्हती. बा बैलांना वैरण टाकत होता. त्याने हातातली पेंढी सोडली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. वैरण टाकून झाल्यावर म्हणाला, "थे गावात येनार नाई. मंग मांडवच तिच्या दारात घालू."

असं ठरलं. त्यानंतर एकेक माणूस समजवायला लागत गेला. काकाजी म्हणाले, शेतात लग्न लावाल तर आमच्या घरचं कोणी येणार नाही. भटजींकडे बा दोनदा जाऊन आला. ते शेवटी खरं बोलले. "मला रोगाची भीती नाही. मी तिथं बसलो तर उद्या दुसऱ्या घरी मला पाटावर कोण बसवेल?" बाने पायांवर डोकं ठेवलं तेव्हा ते येतो म्हणाले.

सगळ्यात अवघड गेली माय. "माह्यापाई पोरीचं लगन मोडू नोको," ती झोपडीतून बाला म्हणत होती, मी धुऱ्यावर उभी राहून ऐकत होते. "मी झाडाआडून पाहीन. मले तेवढं लई झालं."

"धार कोन सोडन?" बाने विचारलं.

बाप मुलीचा हात जावयाच्या हातात देतो तेव्हा त्या हातांवर पाण्याची धार आईने सोडायची असते.  मायने पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले. उजव्याला अंगठ्याचं अर्धं पेर उरलं होतं, डाव्याला तेही नव्हतं. "कायनं सोडू?" ती म्हणाली.

हे निरोपाने नदीपलीकडे पोचलं. काही दिवसांनी मुलगा स्वतःच आला, त्याच्या वडिलांबरोबर, बंडीत बसून. लग्नाआधी नवऱ्या मुलाने असं यायचं नसतं, म्हणून मला घरात कोंडलं होतं. जे घडलं ते मला बाने सांगितलं. हे धुऱ्यावरून उतरून सरळ झोपडीपाशी गेले आणि खाली बसले, कारण त्यांना उभं राहणं जड जायचं.

"बाई, हात पुढं करा," ते म्हणाले.

माय मागे सरकली. "नोको बाबू. दुरून बोल."

"दुरून माप कसं घेऊ?"

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि तिच्या दोन्ही मनगटांचं माप घेतलं. बा म्हणाला, माय त्या वेळी तोंड फिरवून बसली होती. माझ्या सासऱ्यांनी हे पाहिलं आणि ते बंडीकडे परत जाऊन बसले. घरी जाईपर्यंत ते मुलाशी बोलले नाहीत.

पुढच्या बाजाराला जाड कापडाचे दोन पट्टे शिवून आले. बाने एक हलका तुंबा, म्हणजे वाळक्या भोपळ्याचं भांडं, आणला, त्याला दोन्ही बाजूंनी ते पट्टे बांधले. माय मनगटं त्यात अडकवायची आणि कोपरं उचलून तुंबा वाकडा करायची. पाणी पहिल्यांदा सगळं तिच्याच पायांवर पडलं. बा समोर दोन्ही हात धरून बसायचा आणि ती शिकायची. चैत्रभर मोहाखाली हे चाललं होतं. फुलं वेचायला जाणाऱ्या बाया लांबूनच वळून जायच्या.

बांगड्या भरायला सावलीची मनिहारीण आली. मुसलमान बाई होती, डोक्यावर टोपली घेऊन खेड्यापाड्यांतून फिरायची. माझा चुडा भरताना तिने हात दाबून दाबून माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. नंतर म्हणाली, "माँ किधर है? माँ को भरे बिना मैं उठती नहीं." मी तिला शेताकडे घेऊन गेले. वाटेत सगळं सांगितलं. ती थांबली, डोक्यावरची टोपली सारखी केली आणि पुन्हा चालू लागली.

"इधर बैठो, बाई. हात दो."

मायच्या हातात बांगड्या सरळ आत गेल्या. अडायला काही नव्हतंच. पण तिने हात खाली केला की त्या घरंगळून मातीत पडायच्या. मनिहारणीने लाल दोरा काढला आणि एकेक बांगडी मनगटाशी बांधली. जाताना तिने नाल्यावर हात धुतले की नाही, ते मी पाहिलं नाही. पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

लग्न वैशाखात होतं. बांधीतली धसकटं बाने आणि मी उपटली, जमीन शेणाने सारवली. जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घातला. स्वयंपाकाला गावातून कोणी आलं नाही. हळद लागलेल्या हातांनी माझ्या लग्नाचा भात मीच शिजवला, वरण बाने केलं. वांग्याची भाजी आणि शिराही झाला. पळसाच्या पत्रावळ्यांची चळत झाडाखाली रचून ठेवली.

वऱ्हाड आलं ते थोडंच होतं. आमच्या गावातले पुरुष लांबच्या धुऱ्यावर येऊन उभे राहिले, जवळ कोणी आलं नाही. भटजींनी पाट मांडले. बा बसला. त्याच्या उजव्या हाताला जो पाट होता त्यावर भटजींनी तांदूळ घातले आणि तांदळावर सुपारी ठेवली.

माय झोपडीतून बाहेर आली. तिने पदर पुढे ओढून घेतला होता. पाटाजवळ येऊन तिने सुपारी पाहिली आणि ती तिथेच थांबली.  अंतरपाटाचं धोतर धरणाऱ्यांचे हात वर तसेच राहिले होते.

बाने वाकून सुपारी उचलली, पुसली आणि भटजींपुढे धरली.

"ठेवा महाराज. हे आली."

भटजींनी ती घेतली आणि पडशीत टाकली. माय बसली, पण पाट ओढून तिने बापासून हातभर लांब नेला. मंगलाष्टकं भटजींनी घाईने म्हटली. कन्यादानाला बाने माझा हात यांच्या हातात दिला. मायने मनगटं पट्ट्यांत अडकवली. तुंबा वर आला, हलला, पाणी आधी मातीत पडलं, मग आमच्या हातांवर. गार होतं. मी वर पाहिलं. माय आमच्याकडे पाहतच नव्हती. तिचं सगळं लक्ष त्या धारेवर होतं.

सप्तपदीला यांना पाय दाबत चालावं लागलं, म्हणून आम्ही हळूहळू चाललो. लांबच्या धुऱ्यावर कोणीतरी हसलं. मग मी मायच्या पाया पडायला वाकले. तिने पाय मागे घेतले. मी पुढे सरकले तर ती उठलीच. "तिथूनच पड, बाई," ती म्हणाली. डॉक्टर काय म्हणाले होते ते तिला माहीत होतं. तरी तिने मला हात लावू दिला नाही.

पंगत मांडली तेव्हा माझे सासरे पहिले येऊन बसले. त्यांच्यामागे त्यांचे दोन भाऊ. सासूबाई म्हणाल्या, उपास आहे. त्या दिवशी कोणताच उपास नव्हता. बाकीच्यांपैकी कुणाला भूक नव्हती, कुणाचं पोट बिघडलं होतं. भटजींनी कोरडा शिधा घेतला. बा धुऱ्याकडे तोंड करून हात जोडून गावाला बोलावत होता, "या ना जी, या. सारे या." माणसं एकेक करून पांगली. भातावरचं झाकण मी काढलं होतं ते पुन्हा लावलं. उन्हात तो टिकणार नव्हता. आमची बंडी निघाली तेव्हा बा बैलांपुढे वांग्याच्या भाजीचं भगुणं रिकामं करत होता आणि माय मांडवात त्याच जागी बसून होती.

त्यानंतर गावाने बाला बोलावणं सोडलं. न्हावी येईना, विहिरीवर बायका घागरी बाजूला घेऊ लागल्या. बाने घराची कडी लावली आणि तो मायपाशी झोपडीत राहायला गेला. मी विचारलं तर म्हणाला, "इथी पानी नाल्याचं हाय. बरं हाय." माय त्याच्या हातचं खायची आणि त्याला जवळ बसू द्यायची. एवढं मात्र झालं.

एक पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या तळव्याला काटा लागून जखम चिघळली. तिला ती कळली नाही, बाला दिसली तेव्हा उशीर झाला होता. चांद्याची वाट चिखलात बुडाली होती. वैनगंगेला पूर होता, नाव बंद होती, मी पलीकडे सासरी तान्ह्या पोराला घेऊन बसले होते आणि मला काहीच माहीत नव्हतं. खांदा द्यायला चौघं मिळाले नाहीत. बाने बंडी जुंपली आणि तिला एकट्याने नेलं. निरोप माझ्यापर्यंत आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

बऱ्याच दिवसांनी काकू आमच्याकडे गडचिरोलीला आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, चोळ्या शिवायच्या होत्या. यांनी मापं घेतली, कापड पाहिलं, वेळेवर देतो म्हणाले. मी चहा ठेवला.

"तुही माय लई चांगली होती," काकू म्हणाली. "पन गावापुढं कोनाचं चालते, सांग?"

मी कप तिच्यापुढे सारला. तिने त्याच्याकडे पाहिलं. "उनाचं चाय नोको वाटते," ती म्हणाली, आणि पदर सावरून उठली. दारात थांबून म्हणाली, "लग्नाले ये बरं. जावयालेही घेऊन ये."

ती गेल्यावर हे मशीनवरून म्हणाले, "जाचं का?"

"जाऊ," मी म्हटलं.

आम्ही गेलो. काकाजी आणि काकू कन्यादानाला शेजारी शेजारी बसले, आणि काकूने झारीतून धार सोडली. बाला बोलावणं नव्हतं. आम्ही अक्षता टाकल्या आणि जेवण वाढायच्या आधीच नावेची वेळ झाली असं सांगून निघालो.