मुशीचं तेल आणि भागोजीची करवत

…तर भागोजी त्या मशीनच्या टेबलाला नाक लावून वाकला होता. काल तिथपर्यंत आलो आणि आतून जेवायची हाक आली. आज तिथूनच पुढे नेतो, पण काल मधेच उठून गेलेल्यांसाठी थोडं मागचं सांगायला हवं.

भागोजी आमच्या वाडीतला, देवरूखच्या अलीकडचा. उभा जन्म एसटीच्या कारखान्यात सुतार म्हणून काढला. रिटायर होऊन गावी आला आणि घरामागच्या मांगरात, जिथे आधी गवताच्या पेंढ्या आणि नांगर असायचा, तिथे त्याने स्वतःचा कारखाना थाटला. कारखाना म्हणजे काय, तर एक भक्कम टेबल, रंधे, पटाशा आणि भिंतीवर खडूने काढलेली हत्यारांची चित्रं. ज्याचं चित्र, त्याने तिथेच टांगून घ्यायचं. एकदा मी एका खिळ्याला छत्री अडकवली, तर हा म्हणतो, “तात्या, ती जागा कानशीची हाय.” छत्री काढून मी पावसात उभी केली, तेव्हा कुठे त्याने चहाचं विचारलं!

यंदा त्याने वाडीला शब्द दिला होता. कुणाचा गणपतीचा पाट वाळवीने खाल्लेला, कुणी भाऊ वेगळे होऊन नवं घर मांडलेलं, अशा सगळ्यांना नवे पाट करून द्यायचे. फणसाचे, पुढच्या कडेला महिरप असलेले. आता आपल्याकडे पाट आधी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात पोचवावा लागतो, मूर्ती त्याच्यावरच घडते. तेव्हा नागपंचमीच्या आत पाट तयार हवेत. ती महिरप हातकरवतीने कापायची तर एकेका पाटाला दुपार जाते, आणि भागोजीचा खांदा आता पूर्वीचा नाही. त्याला बँडसॉ हवी होती. दोन चाकांवरून करवतीची पट्टी गरगर फिरते, लाकूड टेबलावर ठेवून वळवाल तसं कापलं जातं, ती.

मुंबईला असणारा मुलगा, नितेश, फोनवरून रोज नव्या मशीनचे व्हिडिओ पाठवी. “बाबा, नवीनच घ्या. वॉरंटी असते. जुनं घेऊन तुम्ही कामापेक्षा मशीनच दुरुस्त करत बसाल.” आणि तिकडून नाटं गावात लाकडी होड्या बांधणाऱ्या वजीरभायचा निरोप, की आता सगळे फायबरच्या होड्या घेतात, लाकडी होडी कोण बांधतो, मी हात टेकले, माझी करवत विकायची आहे.

म्हणून आम्ही दोघं निघालो. भागोजीच्या काखेत फणसाची एक जाड फळी. आधी रत्नागिरीच्या दुकानात नवी बघितली. झकास रंग, लाल बटण, नवऱ्या मुलासारखी सजवलेली. दुकानदाराने फळी लावली मात्र, मशीन अशी थरथरायला लागली की शेजारच्या कपाटातल्या रंगाच्या डब्यांनी ताल धरला. कसाबसा एक तुकडा निघाला. दुकानदार म्हणाला, “काका, लाकूड फार टणक आहे.” भागोजी म्हणाला, “मंग काय मी भोपळ्याचे पाट करू?”

तिथून नाटं. खाडीकाठी वजीरभायची शेड, आणि आत ती करवत, एखाद्या म्हशीसारखी मख्ख उभी. बिडाचा सांगाडा. वजीरभायने बायकोला, आसियाभाबीला, काळा चहा आणायला सांगितला. काचेचा पेला अगदी काठोकाठ भरलेला. तो त्याने करवतीच्या टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. चाकं फिरली, पट्टी सूं करून धावली, भागोजीने फळी घातली, निम्मी कापून बाहेर काढली. चहा हलला, पण सांडला नाही. वजीरभायने बटण बंद करून तो शांतपणे पिऊन टाकला. मला वाटलं होतं, चहा पाहुण्यांना आहे.

“इतकी वर्षं खाऱ्या हवेत ऱ्हाऊन गंजाचा एक ठिपका नाय,” भागोजी म्हणाला. “काय लावता?”

“होडीला लावतो तेच. मुशीचं तेल, शार्क माशाच्या काळजाचं.”

आणि इथे भागोजीने नाक टेबलाला लावलं. बराच वेळ तसाच. मग सरळ होऊन माझ्याकडे बघितलं. शेडमध्ये शिरल्यापासून मी तोंडाने श्वास घेत होतो.

मासे आपण सगळेच खातो, त्यात काही नाही. पण गणपतीच्या पाटाला मुशीच्या तेलाचा वास? एका घराने जरी नाक मुरडलं असतं तरी वाडीभर झालं असतं, आणि भागोजीच्या मांगराला पहिल्याच वर्षी कुलूप लागलं असतं. त्याला ते पुरतं ठाऊक होतं. परतीच्या गाडीत तो फळीचे दोन्ही कापलेले तुकडे मांडीवर घेऊन बसला होता. कंडक्टरने दोनदा विचारलं, कुठं उतरणार, तर हा म्हणतो, “बगू.”

घरी आल्यावर दोन्ही तुकडे पडवीत मांडले. त्याची बायको हौसा, मी, आणि आमची ही, मथुरा. दुकानातल्या तुकड्याची कड दातरलेली, कुत्र्याने पोळी तोडावी तशी. नाट्याच्या तुकड्याची कड म्हणजे विड्याच्या पानाची कड. पण वास? हौसा म्हणाली येतो. मी म्हणालो येत नाही, कारण भागोजीचं तोंड मला बघवत नव्हतं. मथुरा म्हणाली, “तुमच्या नाकाला काय कळतंय? तुम्हाला परवा भात करपलेला कळला नाय.”

एवढ्यात हौसाचं मांजर आलं. दुकानातल्या तुकड्यावरून ते सरळ चालत गेलं, आणि नाट्याच्या तुकड्याजवळ बसून तो मन लावून चाटायला लागलं.

हसून हसून मथुराला ठसका लागला. भागोजी तेवढा हसला नाही. तुकडा उचलून त्याने धोतराला पुसला आणि फोन घेऊन नितेशला म्हणाला, “घे तुजी नवीच. आयकलं मी तुजं.”

हौसाने त्याच्या हातातला फोन काढून घेतला. “थांब रे नितेश,” आणि नवऱ्याकडे वळून, “काय हो, बांगड्याचं भांडं वास येतो म्हणून आपण फेकून देतो? नाय ना? घासतो ना? मंग?”

“मशीन हाय ती, टोप नव्हं.”

“तुमी कधी टोप घासलाय काय, म्हणून तुमाला फरक कळतोय?”

फोनमधून नितेशचं हसणं सगळ्या पडवीला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी नाट्याला आम्ही तिघं. हौसाच्या पिशवीत रिठे, चिंच, चुलीतली चाळलेली राख आणि मुठेलाचे गोळे. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, थंडीत टाचांना भेगा पडल्या की आपण चोळतो ते. त्याला वास म्हणून नसतो. वजीरभाय हात आडवे करून मशीनसमोर उभा राहिला. “वहिनी, मशीन कोण धुतं काय? तेल काढलंत तर महिन्याभरात गंजून जाईल!”

“तुमचं तेल काढणार नि माजं लावणार. मोटारीला पाण्याचा थेंब लागू देनार नाय. सरा.”

तो सरेना, तेव्हा आतून आसियाभाबी पदर खोचून आली. “सरा हो! लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या करवतीचा वास तुमच्या कपड्यांना. बाई, तू आधी का नाय आलीस?” आणि दोघी बसल्या की हो! एक रिठ्याचं पाणी चोळते, दुसरी राखेने घासते, बोलणं चालूच. माशाची कालवणं, सासवा, मुलगा आमीर दुबईवरून कधी येणार, सगळं त्या टेबलावर घासून निघालं. वजीरभाय नि भागोजी चाकं सोडवत होते. चाकांवरचे जुने रबरी पट्टे वास धरून बसलेले, ते काढूनच टाकले. घरची लाइट साधी, सिंगल फेजची, तिच्यावर ती मोठी मोटार चालणार नाही म्हणून मोटारही बदलायची ठरली. म्हणजे जुन्यात थोडं नवं घालावं लागलंच, नितेशचाही मान राहिला. शेवटी हौसाने सगळ्या अंगाला मुठेल चोळलं, बाळंतिणीच्या बाळाला चोळावं तसं. वजीरभायने बोट फिरवून बघितलं, हुंगलं, आणि जरा नाराजीनेच म्हणाला, “आता ती माजी वाटत नाय.”

“मंग नेतो,” भागोजी म्हणाला.

टेम्पोत चढवताना मात्र तोच वजीरभाय सगळ्यांवर ओरडत होता, हळू, हळू, चाक सांभाळा!

मांगरात ती उभी राहिली आणि पिवळ्या धमक भुशाने भागोजीच्या भुवया रंगल्या. पाट झाले. नागपंचमीच्या आदल्या सकाळी ते त्याच्या पडवीत ओळीने लावले आणि वाडीतली माणसं जमली. मांजराची गोष्ट एव्हाना घरोघरी पोचलेली. पोचवली कुणी, ते विचारू नका, मथुरा माझ्याच घरात राहते. पाटाला हात कुणी लावेना. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतोय. भागोजी खांबाला टेकून उभा, हातात उगाचच एक पटाशी.

शेवटी मथुराच पुढे झाली. ती म्हणजे देवाची फुलंसुद्धा तीन पाण्यांनी धुणारी बाई. आमचा पाट तिने उचलला, उलटा केला, थेट नाकाला लावला, डोळे मिटले आणि असा लांब श्वास घेतला की मला वाटलं, पाट आत जातो.

“फणस,” ती म्हणाली. “नुसता फणस.” आणि पाट डोक्यावर घेऊन गणपतीच्या शाळेची वाट धरली. पाठोपाठ पडवी रिकामी झाली. एकही पाट उरला नाही.

मग मी भागोजीला गाठलं. म्हटलं, “खरं सांग रे, ही नाक लावून उभी होती, तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?”

भागोजी म्हणाला, “तात्या, खोटं कशाला बोलू? मी मनातल्या मनात गाऱ्हाणं घालत होतो, काकूला आज सर्दी झालेली असू दे रे म्हाराजा!”