चपलांपुढचं भूत

आखातातल्या अल रीम आयलंडवरच्या आमच्या टॉवरमध्ये हॅलोविनचा एक नियम आहे. ज्यांच्या दारावर कागदी भोपळा, त्यांचीच बेल मुलांनी वाजवायची. आम्ही नवे, म्हणून मी एक सोडून तीन भोपळे चिकटवले. लेकीला टॉवरमधल्या मुलींच्या टोळीत शिरकाव मिळावा म्हणून दोन महिने मी काय कमी खटपटी केल्या होत्या! टोळीच्या म्होरकीची आई म्हणजे बिल्डिंगमधली बडी असामी. तिच्याशी गोड राहायचं, एवढाच माझा कार्यक्रम.

नवऱ्याच्या जुन्या धोतराला डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली आणि नऊ वर्षांची लेक भूत होऊन निघाली. मुलींबरोबर आम्ही दोघी आया होतो, त्या बाई आणि मी.

सातव्या मजल्यावर टोकाच्या दारावर भोपळा नव्हता. तिथे रत्नागिरीकडचे एक चाचा-चाची राहतात. चाचांचं कमरेचं ऑपरेशन झालंय, तरी संध्याकाळी मगरिबच्या नमाजाला ते चालत मशिदीत जातातच. त्यांच्या रबरी चपला दाराबाहेरच असतात. म्होरकीने पिशवीतून दाढीच्या फोमचा डबा काढला. चपलांत फोम भरायचा, बेल वाजवायची आणि पळायचं, असा बेत. डबा दिला माझ्या लेकीच्या हातात. नव्या मुलीची परीक्षा.

"नो," ती म्हणाली. "चाचा विल फॉल."

"इट्स जस्ट फोम! डू इट, ऑर यू आर आउट."

मी त्या बाईंकडे पाहिलं. त्या हसत व्हिडिओ घेत होत्या. आणि मी, सख्खी आई, काय बोलले? "अगं, फोमच तर आहे. कर ना पटकन." हे लिहितानाही मला माझीच लाज वाटते.

लेकीने डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात पसरून चपलांपुढे उभी राहिली. भोकांतून दिसणारे डोळे भरून आले होते, पण ती तसूभर हलली नाही. मुलींनी "बेबी, बेबी" करून चिडवून पाहिलं. शेवटी "यल्ला, लेट्स गो," म्हणत त्या बाई मुलींना घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

तेवढ्यात आतून मोबाइलवरची अजान ऐकू आली आणि चाचा बाहेर आले.

"काय गो, चपलांची राखण करतेस काय?" म्हणत त्यांनी एका हाताने भिंत धरली आणि सावकाश पाय चपलेत सरकवला. दुसरा पाय आत जाईपर्यंत माझा जीव वरखाली होत होता.

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. लेकीने डोक्यावरचं धोतर काढलं.

"आई, यू ऑल्सो सेड इट्स जस्ट फोम."

"हो, म्हटलं."

"वेअर यू स्केअर्ड ऑफ आंटी?"

सारवासारव करता आली असती. पण तिच्यासमोर जीभ रेटेना.

"हो," मी म्हणाले. "घाबरले होते."

"आय वॉज ऑल्सो स्केअर्ड," ती म्हणाली, आणि धोतराच्या टोकाने तिने डोळे पुसले.